एक रुपयाचे छायाचित्र

महिन्याच्या पहिल्या तारखेला ज्याच्या हाती ठरलेला पगार पडतो, त्याला आपल्या सुखाची पुरती कल्पना नसते. पाऊस कोसळला तरी त्याचा पगार चुकत नाही. दोन दिवस ताप आला तरी त्यात फारशी तूट येत नाही. वाण्याची उधारी, घरभाडे, मुलांच्या शाळेची फी या सर्वांची तोंडमिळवणी त्याला आधीच करून ठेवता येते. स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्या माणसाची स्थिती याच्या अगदी उलट असते. शेतकरी मृगाच्या आभाळाकडे पाहतो, कोळी भरती-ओहोटीकडे पाहतो. तसे कोणाच्याही पदरी नोकरीस नसलेल्या छायाचित्रकाराला संपादकाच्या दाराकडे पाहावे लागते. अशा छायाचित्रकाराला मुक्त छायाचित्रकार म्हणतात. शब्द मोठा मोहक आहे. मुक्त म्हणजे मोकळा, ज्याच्यावर कोणी हुकूम चालवीत नाही असा. परंतु ज्याला हुकूम सोडणारा धनी नसतो, त्याला पगार देणारा धनीही नसतो, ही या शब्दाची दुसरी बाजू सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

आणि त्याचा मालही मोठा चमत्कारिक! कुंभाराचे मडके आज विकले गेले नाही, तर ते उद्याच्या बाजारात मांडता येते. वृत्तपत्रासाठी काढलेले छायाचित्र मात्र पालेभाजीसारखे असते. सकाळचे संध्याकाळी कोमेजते. कुंभाराच्या हातून मडके फुटले, तर तो चाकावर दुसरा गोळा ठेवतो. छायाचित्रकाराच्या हातून निसटलेला क्षण पुन्हा चाकावर चढत नाही. पाहुणा विमानातून उतरून गेला, ध्वज एकदा वर चढला, की संपले. ‘जरा पुन्हा चढवा हो’ असे कोणाला म्हणणार?

अशा या बेभरवशाच्या व्यवसायात ज्यांनी या देशात पाय रोवले, त्यांत होमाई व्यारावाला यांचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. वृत्तछायाचित्रण करणाऱ्या त्या भारतातील पहिल्या स्त्री होत. त्यांची गोष्ट सांगताना लोक बहुधा दिल्लीपासून आरंभ करतात. पंडित नेहरू, लाल किल्ला, परदेशचे राजे-राण्या यांच्या चित्रांनी दिपून जातात. पण त्या व्यवसायाची खरी अक्षरओळख झाली ती मुंबईत, आणि तीही एका रुपयापासून.

होमाईचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी गुजरातेत नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. तिचे वडील फिरत्या उर्दू-पारशी नाटक मंडळीत काम करीत. नाटक मंडळीचा संसार म्हणजे पाखरांचा संसार! आज या गावी मुक्काम, तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी. पुढे हे कुटुंब मुंबईत स्थिरावले. घरची सुबत्ता नव्हती. पण मुलीने शिकावे, हा आग्रह होता. त्या काळी मुलींना वयात येताच शाळेतून काढून घेण्याची रीत होती. होमाईच्या वर्गातील मुलींचीही तीच गत झाली असावी. कारण मॅट्रिकच्या परीक्षेला पोहोचलेली त्या वर्गातील ती एकटीच मुलगी होती. पुढे सेंट झेवियर महाविद्यालयात तिने अर्थशास्त्राचे शिक्षण घेतले आणि सर जे. जे. कलाशाळेत चित्रकलेचा अभ्यास केला. अर्थशास्त्र आणि चित्रकला ही जोडी वरवर विजोड दिसते. परंतु ज्याला आपली कला विकून पोट भरावयाचे आहे, त्याला या दोहोंची सारखीच गरज पडते.

कॅमेरा तिच्या हाती आला तो माणेकशा व्यारावाला यांच्यामुळे. तिची व त्यांची ओळख झाली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. माणेकशा हे टाइम्स ऑफ इंडियाच्या कचेरीत हिशेबाचे काम करीत आणि छायाचित्रणाचा त्यांना मोठा नाद होता. छायाचित्रण कसे करावे, हे तिने त्यांच्यापाशीच शिकून घेतले. १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला.

हे शिक्षण म्हणजे केवळ खटका दाबणे नव्हते. आजच्या मुलांना तसे वाटण्याचा संभव आहे. कारण आज मोबाइलवर बोट टेकवले की चित्र तयार! त्या काळी खटका दाबल्यावर खरे काम सुरू होई. काढलेली फिल्म काळोखातच उघडावयाची, रसायनाच्या पाण्यात ठरावीक वेळ ती बुडवून ठेवावयाची, मग हायपोच्या द्रावणात घालून चित्र पक्के करावयाचे, वाहत्या पाण्यात धुवावयाचे आणि धुळीचा कण न बसेल अशा जागी दोरीवर वाळत टांगावयाचे. फिल्मवर सारे उलटे दिसे. माणसाचा चेहरा काळा आणि केस पांढरे. तिलाच निगेटिव्ह म्हणत. त्या निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडून पुन्हा तीच रसायनांची वारी केली, म्हणजे तांबूस दिव्याच्या मंद प्रकाशात पांढऱ्या कागदावर हळूहळू चित्र उमटू लागे. पाणी अधिक गरम झाले, दोन मिनिटांची तीन मिनिटे झाली, दाराच्या फटीतून उजेडाची एक तिरीप आत शिरली, की दिवसभराचे श्रम फुकट. अंधारखोलीत घाई चालत नाही आणि आळसही चालत नाही.

१९३८ च्या सुमारास होमाईला पहिले काम मिळाले. मुंबईतील एका महिला मंडळाची सहल निघाली होती. तिने त्या वनभोजनाची छायाचित्रे काढली आणि ती ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या वृत्तपत्रात छापून आली. प्रत्येक चित्राचा मोबदला मिळाला एक रुपया.

या एका रुपयाचा हिशेब केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. त्या काळी रुपयाला आजच्यापेक्षा पुष्कळ किंमत होती, हे खरे. तरी त्या रुपयातच फिल्मचा खर्च भागवावयाचा होता, कागदाचा व रसायनांचाही भागवावयाचा होता. जाण्या-येण्याचे भाडे आणि अंधारखोलीतले तास यांचे मोल त्यातच धरावयाचे होते. रुपया मिळे तो छापून आलेल्या चित्राचा. जे चित्र संपादकाने बाजूला सारले, त्याची फिल्मही गेली आणि कागदही गेला. म्हणजे पाच चित्रे काढून दोन छापली गेली, तर उरलेल्या तिन्हींचा भार त्या दोन रुपयांनीच उचलावयाचा. महाविद्यालयात शिकलेले अर्थशास्त्र येथे उपयोगी पडले असेल, तर नवल नाही! पण त्या रुपयात आणखी एक गोष्ट होती. कोण्या परक्या माणसाने, ज्याचा आपल्याशी सोयरसंबंध नाही अशा माणसाने, आपले चित्र पाहून ‘हे माझ्या वाचकांना दाखवण्याजोगे आहे’ असे म्हटले होते. घरच्यांनी केलेली स्तुती गोड असते. परंतु ती वटवता येत नाही.

काम मिळवण्याचा मार्गही त्या एका रुपयाने दाखवला. जे दूर आहे त्याच्या मागे धावण्यापेक्षा जे आपल्याला जवळून दिसते, तेच आधी टिपावे. कलाशाळेतील मैत्रिणी, मुंबईचे रस्ते, शहरातले साधे रोजचे जगणे हे होमाईच्या नजरेसमोर होते. एखाद्या लाटसाहेबाच्या दरबारात तिला त्या वेळी कोणी उभेही केले नसते. परंतु तरुण मुलींच्या घोळक्यात ती जितक्या सहजपणे वावरे, तितक्या सहजपणे कोणी पुरुष छायाचित्रकार वावरू शकला नसता. मग दुसरे महायुद्ध सुरू झाले. मुंबईहून निघणाऱ्या ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ या साप्ताहिकासाठी ती कामे करू लागली. या साप्ताहिकाने पुढे अनेक वर्षे तिची चित्रे छापली.

येथे एक गोष्ट मात्र मनाला टोचल्यावाचून राहत नाही. सुरुवातीची ही चित्रे छापून आली, ती होमाईच्या नावाने नव्हे. ती माणेकशांच्या नावाने छापली गेली. होमाई अप्रसिद्ध होती आणि स्त्री होती. पुरुषाचे नाव घातले म्हणजे चित्राला वजन येईल, असा त्या काळचा समज. यात पतीने पत्नीचे श्रेय लाटले, असे मुळीच नव्हे. दोघे एकमेकांचे सोबती होते आणि त्यानेच तिला हा हुन्नर शिकवला होता. दोष त्या काळाचा होता. तरीही अंधारखोलीत ज्या बोटांना रसायनाचे डाग पडले, त्या बोटांच्या मालकिणीचे नाव छापील पानावर नसावे, हे काही न्यायाचे म्हणता येणार नाही. रुपया मिळाला, नाव मिळायला अवकाश होता.

१९४२ मध्ये पती-पत्नी दिल्लीला गेली. तेथे ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात दोघांनाही काम मिळाले. ही नोकरी होती खरी; पण ती सांभाळून बाहेरची कामे घेण्याची त्यांना मोकळीक होती. होमाईबाईंचा व्यवहारीपणा येथे दिसतो. स्वतंत्र व्यवसायाची हौस म्हणून त्यांनी एकाएकी पाण्यात उडी घेतली नाही. एक पाय काठावर ठेवून दुसऱ्या पायाने त्यांनी पाण्याचा ठाव घेतला. असे करणाऱ्याला काही लोक भित्रा म्हणतात. पण ज्यांनी घरातला रिकामा डबा पाहिला आहे, ते तसे म्हणणार नाहीत. नोकरीच्या वेळेबाहेर त्या ‘ऑनलुकर’सारख्या नियतकालिकांची कामे करीत, पुढे ‘टाइम’ आणि ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकांपर्यंत त्यांची चित्रे पोहोचली.

दिल्लीच्या रस्त्यांवर त्या काळी एक अपूर्व दृश्य दिसे. साडी नेसलेली एक पारशी बाई सायकलवरून चालली आहे आणि तिच्यापाशी कॅमेऱ्याचे जड ओझे आहे. त्यांच्या कॅमेऱ्यांपैकी एक रोलिफ्लेक्स. तो छातीशी वा पोटाशी धरून वरून आत वाकून पाहावे लागे. काचेवर चित्र दिसे, पण उजवीकडचे डावीकडे आणि डावीकडचे उजवीकडे. एका फिल्मवर चित्रे अवघी बारा. दुसरा स्पीड ग्राफिक. नाव स्पीड, म्हणजे वेग. पण त्याचा कारभार पाहिला तर हसू यावे. फिल्मचे सुटे पान एका चपट्या चौकटीत भरलेले असे; चौकटीच्या दोन बाजूंना दोन पाने. चौकट कॅमेऱ्यात सरकवावयाची, तिचे झाकण ओढून काढावयाचे, खटका ताणावयाचा, रात्र असेल तर झगझगाटी दिव्याचा काचेचा गोळा बसवावयाचा आणि मग चित्र घ्यावयाचे. तो गोळा एकदा पेटला की निकामी होई. तापलेला गोळा काढून नवा बसवल्यावाचून पुढचे चित्र घेता येत नसे. झाकण परत लावावयाचे, चौकट उलटावयाची, की पुन्हा तेच. या मधल्या काळात समोरचा मंत्री हसून, हात जोडून, मोटारीत बसून निघूनही गेलेला असे.

म्हणून त्या छायाचित्रकारांना वाट पाहण्याची विद्या शिकावी लागली. दहा चित्रे घेऊन त्यांतले एक बरे निघेल, अशी चैन त्यांना परवडणारी नव्हती. केव्हा मान वळेल, केव्हा हात उंचावेल, हे चेहऱ्यावरून आधीच ओळखावे लागे. होमाईबाईंना ही विद्या उत्तम साधली होती. आरंभी लोक त्यांना गांभीर्याने घेत नसत. बाई कॅमेरा घेऊन मिरवते आहे, एवढेच त्यांना वाटे. त्याचा होमाईबाईंना रागही आला असता. परंतु त्यांनी त्याचा उपयोग करून घेतला. ज्या जागी इतरांना अडवले जाई, तेथे त्यांना कोणी अडवीत नसे. पुढे चित्रे छापून आली, की मग लोकांचे डोळे उघडत. बरोबरीचे छायाचित्रकार त्यांना आदराने ‘ममी’ म्हणत.

१९४७ च्या जून महिन्यात काँग्रेसच्या ज्या बैठकीत देशाच्या फाळणीच्या प्रस्तावावर मते घेतली गेली, त्या बैठकीत होमाईबाई कॅमेऱ्यासह हजर होत्या. १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर तिरंगा चढला, तेव्हाही होत्या. पालम विमानतळावर आपल्या भगिनी विजयालक्ष्मी पंडित यांची वाट पाहत उभे असलेले पंडित नेहरू त्यांनी टिपले. आणि गंमत अशी, की नेहरूंच्या शेजारीच ‘छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई आहे’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी आहे. तो क्षण पाहून हसू येणे सोपे होते. हसता हसता बोट खटक्यावर जाणे, हे कसबी माणसाचे लक्षण. १९५६ मध्ये दलाई लामा नथू ला खिंडीतून प्रथमच भारतात आले, तेव्हा ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी त्या सिक्कीमला गेल्या. ही खिंड समुद्रसपाटीपासून १४,००० फुटांहून उंच आहे. ज्या मुलीला सहलीच्या चित्राचा एक रुपया मिळाला होता, तिची चित्रे आता सातासमुद्रापलीकडे जाऊ लागली होती.

पण कोणत्याही छायाचित्रकाराच्या मनात काढलेल्या चित्रांपेक्षा न काढलेले एखादे चित्रच अधिक खोल रुतून बसलेले असते. होमाईबाईंच्या मनात असेच एक चित्र होते. १९४८ च्या जानेवारीची ३० तारीख. गांधीजींच्या सायंप्रार्थनेला जावे म्हणून त्या निघाल्या होत्या. माणेकशांनी त्यांना परत बोलावले. उद्या आपण दोघे मिळून जाऊ, असे ठरले. यात वावगे काय होते? प्रार्थना रोजच होत असे. उद्याही होणार होती. त्याच सायंकाळी प्रार्थनेला जात असताना गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंत्ययात्रेची आणि अंत्यसंस्काराची छायाचित्रे घेतली. ती आजही पाहावयास मिळतात. त्यांत शोकाकुल माणसांचा महासागर आहे. त्या गर्दीत ओझे सावरीत, डोळे पुसावे की चित्र साधावे या पेचात उभी असलेली बाई मात्र चित्रात कोठेच दिसत नाही. कारण ती कॅमेऱ्याच्या मागे होती. आदल्या सायंकाळी आपण तेथे नव्हतो, ही खंत त्यांना जन्मभर राहिली. ती केवळ एक मोठे चित्र हुकल्याची खंत होती, असे समजणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. बापूंच्या अखेरच्या क्षणाची साक्ष द्यावयाला आपण जागेवर नव्हतो, हे शल्य साध्या व्यापारी हिशेबात बसत नाही. पगारी माणूस एक दिवस गैरहजर राहिला, तर रजेचा अर्ज देऊन मोकळा होतो. हा अर्ज कोणाकडे द्यावयाचा?

नाव त्यांना मिळाले, आणि एक टोपणनावही मिळाले. ‘डालडा १३’ हे ते टोपणनाव. हे ऐकून वनस्पती तुपाचा डबाच डोळ्यांपुढे येतो! त्याची कथा अशी, की त्यांचा जन्म १९१३ चा, पतीची भेट झाली ती तेराव्या वर्षी, आणि त्यांच्या पहिल्या मोटारीचा क्रमांकही निघाला ‘डी. एल. डी. १३’. तेरा हा आकडा अशुभ मानणारे लोक असतात. होमाईबाईंनी तो आकडा जवळ केला. पूर्वी दुसऱ्याचे नाव घ्यावे लागलेल्या या बाईंनी आता आपले नाव आपणच, आणि तेही हसत हसत, निवडले होते.

नावाचा हा प्रश्न मुक्त छायाचित्रकाराच्या जीवनात मरेपर्यंत सुटत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्र काढणारी व्यक्ती ही त्या छायाचित्राची कर्ती होय. मात्र कोणी पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याकडे जातो. लग्नातली चित्रे काढणाऱ्या छायाचित्रकारांना हे ठाऊक असलेले बरे. पण त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. हक्क दुसऱ्याला विकून टाकला, तरी ‘हे चित्र मी काढले’ असे सांगण्याचा अधिकार कर्त्याचाच राहतो. म्हणजे चित्र विकता येते, पण त्यामागचे कर्तेपण विकले जात नाही. आज छायाचित्रे एका क्षणात हजारो लोकांपर्यंत पोहोचतात आणि काढणाऱ्याचे नाव वाटेत कोठे गळून पडले, हे कोणाला कळतही नाही. वनभोजनाची चित्रे काढणाऱ्या त्या मुलीच्या काळापेक्षा या बाबतीत आपण फार पुढे आलो आहोत, असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

माणेकशांचे १९६९ मध्ये निधन झाले. पुढच्याच वर्षी होमाईबाईंनी छायाचित्रण सोडून दिले. हात थकले म्हणून नव्हे, किंवा कामे मिळेनात म्हणूनही नव्हे. त्यांच्या पिढीच्या छायाचित्रकारांचे काही नियम होते. ते नीटनेटका पोशाख करून जात, एकमेकांचा मान राखीत. नव्याने आलेल्या काही मंडळींची धक्काबुक्की आणि बेशिस्त वागणूक पाहून, या गर्दीत आता उभे राहण्यात अर्थ नाही, असे त्यांना वाटले. जो स्वतःच्या मर्जीने कामाला लागतो, त्यालाच स्वतःच्या मर्जीने काम थांबवताही येते. मुक्त या शब्दाचा हाही एक अर्थ आहे. तो मात्र महाग पडतो. कारण थांबलेल्या मुक्त कारागिराला निवृत्तिवेतन नसते. काहींना हा निर्णय हट्टाचा वाटेल. पण चाळीस वर्षांहून अधिक काळ, म्हणजे अखेरपर्यंत, त्यांनी पुन्हा या व्यवसायाकडे वळून पाहिले नाही.

प्रथम त्या राजस्थानात पिलानीला आपल्या मुलाकडे राहिल्या, नंतर बडोद्याला आल्या. १९८९ मध्ये मुलगाही गेला. त्यानंतर बडोद्याच्या घरी त्या एकट्याच राहिल्या. घरातली कामे त्या स्वतः करीत, बागेतल्या झाडांची निगा राखीत. ज्या बाईंनी देशाच्या स्वातंत्र्याचा जन्म डोळ्यांनी पाहिला आणि कॅमेऱ्याने टिपला, त्यांना बाहेरचे जग जवळजवळ विसरून गेले होते. त्यांनीही जगाला आठवण करून देण्याची धडपड केली नाही. मग सबीना गडिहोक या अभ्यासिकेने त्यांच्याशी बोलून, त्यांची चित्रे पाहून एक ग्रंथ सिद्ध केला. तो २००६ मध्ये प्रकाशित झाला आणि लोकांना या जुन्या छायाचित्रकर्तीची नव्याने ओळख झाली. त्यांनी आपला चित्रसंग्रह दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केला. २०११ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. १५ जानेवारी २०१२ रोजी वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी बडोद्यात त्यांचे निधन झाले.

त्याआधी, २०१० मध्ये, दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या छायाचित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. उंच भिंतींवर ती काळी-पांढरी चित्रे ओळीने लावलेली होती. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता अशी तरुण मुले-मुली त्यांच्यापुढे उभी राहून जुन्या भारताचे चेहरे निरखीत होती. चित्र नीट पाहून झाले, की ते कोणी काढले हे वाचावयास माणूस थोडा पुढे वाकतो. त्या दालनात असे वाकून पाहणाऱ्या प्रत्येकाला एकच नाव वाचावयास मिळत होते : होमाई व्यारावाला.